डांबर संपतं तिथे खर्च सुरू होतो

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरहून पावसाळ्यात चंदेरी किल्ला, कोंडेश्वरचं कुंड, बारवी धरणाचा परिसर किंवा मुरबाडकडचा गोरखगड गाठायचा, तर खरा खर्च लोकलचा किंवा पेट्रोलचा नसतो. तो असतो शेवटच्या दोन-चार किलोमीटरच्या कच्च्या रस्त्याचा. गाडी तिथे रुतली की ओढून काढण्याचे पैसे, दुरुस्तीचे पैसे, वाया गेलेला दिवस आणि पुढच्या वर्षी वाढलेला विम्याचा हप्ता असं सगळं तुमच्या खिशातून जातं. म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा. जून ते ऑक्टोबर, डांबर किंवा काँक्रीट संपलं की गाडी उभी करा आणि पुढे चालत जा.

कधी जायचं

मुंबई परिसरात मोसमी पाऊस सरासरीने ११ जूनच्या सुमारास येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. कच्चे रस्ते मात्र ८ ऑक्टोबरला वाळत नाहीत. मुरमाचा रस्ता उघडीप मिळाली की दिवसभरात चालण्याजोगा होतो. भातखाचरांच्या कडेने जाणारी मातीची वाट भातकापणीपर्यंत ओलीच समजा. दुचाकी किंवा कार थेट पायथ्याच्या पाड्यापर्यंत न्यायचीच असेल, तर दिवाळीनंतर जा.

निघण्याच्या आदल्या दिवशी दोन गोष्टी पाहा. पहिली, हवामान खात्याचा ठाणे जिल्ह्याचा इशारा. खात्याच्या वर्गवारीत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे 'जोरदार', ११५.६ पासून पुढे 'अति जोरदार' आणि २०४.४ च्या वर 'अत्यंत जोरदार'. नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर बेत रद्द करा. दुसरी गोष्ट, पडून गेलेला पाऊस. दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात. कालचा आकडा ६५ च्या वर असेल, तर आज लख्ख ऊन पडलं तरी कच्च्या रस्त्यावर गाडी घालू नका. चिखल कालच्या पावसाचा असतो, आजच्या आभाळावरून तो कळत नाही. विजांसाठी 'दामिनी' हे अ‍ॅप मोफत आहे, ते फोनमध्ये असू द्या.

सकाळी लवकर निघा आणि दुपारी दोनच्या आत परतीला लागा. वर डोंगरात पाऊस झाला की खालचा ओढा अर्ध्या तासात फुगतो. सकाळी घोटाभर असलेलं पाणी दुपारी कमरेला लागू शकतं.

कुठे जायचं, कुठे नाही

चंदेरीसाठी वांगणी स्थानकावर उतरा आणि चिंचोली गाव गाठा. पुढची वाट शेत, ओढा आणि जंगलातून जाते. भर पावसात माथ्याचा कातळटप्पा चढू नका, गुहेपर्यंत जाऊन परत फिरा. ओढ्याला ओढ असेल तर गुहाही सोडा.

कोंडेश्वर बदलापूरपासून जवळ असलं, तरी तिथल्या कुंडात अनेक जीव गेले आहेत आणि पावसाळ्यात अनेकदा मनाई आदेश लागू असतो. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. निघण्याआधी स्थानिक पोलीस ठाण्यात फोन करून विचारा, दोन मिनिटांचं काम आहे. 'मागच्या वाटेने सोडतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. दंड आणि धोका दोन्ही तुमच्याच वाट्याला येतात.

बारवी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ७२.६० मीटरच्या पातळीला पोहोचलं की ते आपोआप उघडतात. धरण भरत आल्याच्या बातम्या असतील, तर खालच्या नदीपात्रात उतरू नका आणि काठावर गाडीही लावू नका.

गोरखगडासाठी मुरबाड, म्हसा, देहरी असा रस्ता आहे. जाणं सोपं, येणं अवघड ठरू शकतं, कारण कल्याण–मुरबाड रस्त्यावरचा उल्हास नदीवरचा रायते पूल पुरात बंद होतो. बदलापुरात उल्हासची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोक्याची १७.५० मीटर आहे. आकडा १६ च्या पुढे सरकत असेल तर नदी ओलांडून पलीकडे जाऊच नका. रेल्वेही हमखास सुटका करेल असं नाही. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं.

चिखलच नको असेल तर श्रीमलंगगड निवडा. डोंगरावरच्या धर्मस्थळापर्यंत पायऱ्या आहेत आणि पायथ्याला कल्याणहून बस मिळते. पायऱ्या निसरड्या होतात, पण गाडी रुतण्याचा प्रश्न उरत नाही.

जाण्या-येण्याचा खर्च

सगळ्यात स्वस्त लोकल. उल्हासनगर ते वांगणी किंवा बदलापूर ते कर्जत, दुसऱ्या वर्गाचं तिकीट एका वेळचं दहा रुपयांच्या आसपास. विनातिकीट सापडलात तर भाड्याशिवाय किमान २५० रुपये. गाडी बदलापूर लोकल नसून कर्जत किंवा खोपोली लोकल आहे ना, ते पाहून चढा. रविवारी मेगाब्लॉकचं वेळापत्रक आदल्या रात्री बघा.

स्थानकापासून पुढे रिक्षा. फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर प्रदेशात पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरमागे १७ रुपये १४ पैसे असा दर आहे. आपल्याकडे मीटर क्वचितच पडतं, पण घासाघीस करताना हा आकडा हाताशी ठेवा. आठ किलोमीटरचे मीटरने साधारण १३७ रुपये होतात. परतीची रिकामी फेरी धरली तरी २७५. त्याहून जास्त मागितले तर तो चिखलाचा भाव आहे, तिथे तुम्ही बोला. बसण्याआधी तीन गोष्टी ठरवा. भाडं माणशी की रिक्षाचं? कुठपर्यंत सोडणार, पाड्यापर्यंत की डांबर संपतं तिथपर्यंत? परत न्यायला येणार का आणि किती वाजता? परतीचे पैसे आगाऊ देऊ नका. रिक्षात तीनच प्रवासी बसतात. चौथा बसला आणि अपघात झाला, तर विम्याच्या दाव्यात तो मुद्दा निघतो.

एसटी मिळत असेल तर घ्या. महिलांना निम्मं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मं, ७५ च्या पुढे मोफत. वयाच्या सवलतीसाठी आधार कार्ड जवळ हवं. उतरण्याआधी कंडक्टरला शेवटच्या परतीच्या गाडीची वेळ विचारा आणि लिहून घ्या.

तिघांच्या गटाने लोकल आणि ठरवलेली रिक्षा धरून गेलात, तर माणशी वीस रुपये लोकलचे आणि साधारण १८५ रुपये रिक्षाच्या जाण्या-येण्याच्या दोन्ही फेऱ्यांचे होतात. गावात जेवण आणि चहा धरून माणशी पाचशे रुपयांत दिवस बसवा. वाटाड्या घेतलात तर त्याचे पैसे वेगळे. गटामागे हजार रुपये बाजूला ठेवा आणि दर माणशी की गटाचा, हे आधी विचारा. पावसात ओढ्याची जागा ओळखणारा गावचा माणूस सोबत असणं ही उधळपट्टी नव्हे.

स्वतःची गाडी नेलीत तर

कागदपत्रं चार: लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. डिजीलॉकर किंवा एम-परिवहनमधली चालतात, पण डोंगरात नेटवर्क नसतं, म्हणून आधीच उतरवून ठेवा. दुचाकीवर हेल्मेट दोघांनाही लागतं.

आता न दिसणारा खर्च. पॉलिसी फक्त थर्ड पार्टी असेल, तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचे शून्य रुपये मिळतात. संपूर्ण पॉलिसी असली तरी नुसतं रुतणं म्हणजे नुकसान धरत नाहीत. नुकसान होऊन गाडी बंद पडली, तरच गॅरेजपर्यंत नेण्याचा खर्च मिळतो आणि तोही कारला १,५०० व दुचाकीला ३०० रुपयांपर्यंत. ट्रॅक्टर किंवा क्रेनचं बिल त्याहून मोठं आलं तर वरचे पैसे तुमचे. रस्त्यावरच्या मदतीची जोडपॉलिसी असेल, तर 'कच्च्या रस्त्यावरून ओढून काढणं' तिच्यात आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचारा. अनेक योजनांत ते नसतं.

दावा करण्याआधी हिशेब मांडा. समजा बंपर फुटला आणि बिल ६,००० रुपयांचं आलं. प्लास्टिक, रबर आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा कापतात, उरले ३,०००. दीड हजार सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये सक्तीची वजावट, उरले २,०००. पण दावा केला की नो क्लेम बोनसची सूट जाते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा मूळ हप्ता ६,००० असेल आणि तुम्हाला ५० टक्के सूट मिळत असेल, तर पुढच्या वर्षी ३,००० जास्त भरावे लागतील. म्हणजे दोन हजार मिळवायला तीन हजार गेले. अशा छोट्या बिलासाठी दावा करू नका.

सगळ्यात महाग चूक पाण्यात होते. फरशी पुलावर इंजिनात पाणी शिरून गाडी बंद पडली, तर स्टार्टर पुन्हा मारू नका. तो मारल्याने इंजिन गेलं, तर साध्या पॉलिसीत दावा नाकारतात. इंजिन संरक्षणाची जोडपॉलिसी यासाठीच असते. गाडी ढकलून बाजूला घ्या, बॅटरीची तार काढा, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा. पूल पाण्याखाली असेल आणि कठडा दिसत नसेल, तर एखादी गाडी पुढे गेलेली पाहून मागोमाग जाऊ नका.

भाड्याची सेल्फ ड्राइव्ह गाडी घेत असाल तर नंबरप्लेट बघा. काळ्या पट्टीवर पिवळी अक्षरं हवीत. पांढऱ्या पट्टीची खासगी गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला, तर विमा हात वर करू शकतो. करारात 'कच्चा रस्ता', 'पाण्याने झालेलं नुकसान' आणि 'धुलाई' या तीन ओळी शोधा. अनामत रक्कम तिथेच कापली जाते. ताब्यात घेताना गाडीखालचाही व्हिडिओ काढा.

गाडी रुतलीच तर

अ‍ॅक्सिलरेटर सोडा. चाक जागच्या जागी फिरवत राहिलात तर गाडी आणखी खोल बसते. सगळ्यांना उतरवा, चाकापुढची राड हाताने किंवा फळीने काढा, पुढे-मागे सपाट दगड, फांद्या किंवा पायपुसणी घाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये हलकेच काढा. दुचाकीच्या पुढच्या मडगार्डमध्ये माती भरून चाक अडतं, ती काडीने काढत राहा.

ट्रॅक्टर बोलवावा लागला तर दोरखंड अडकवण्याआधी रक्कम ठरवा. ठरलेला दर नसतो. दोरी बंपरला नव्हे, टो हुकला बांधायला सांगा. ओढताना बंपर निघाला तर ती भरपाई कोणी देत नाही. शेतातून वळसा घालून गाडी काढू नका. लावणी झालेल्या खाचराचा बांध फुटला तर शेतकऱ्याचं हंगामाचं नुकसान होतं आणि त्याची भरपाई मागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.

गाडी उभी करण्यासाठी गावात अंगण किंवा पटांगण विचारून घ्या, पैसे आधी ठरवून द्या. घरी आल्यावर गाडीचा खालचा भाग धुऊन घ्या, ब्रेक तपासा, चेनला तेल द्या. वाळलेली माती ब्रेक पॅड खाते.

आयोजकाबरोबर जाताना

माणशी पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्यांसाठी राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ पासून आहे आणि पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा. लेखी विचारा: रिक्षा धरली आहे का? जेवण किती वेळा? प्रथमोपचार येणारा माणूस कोण? नारिंगी इशाऱ्याला ट्रेक रद्द झाला तर पैसे परत मिळतात की पुढची तारीख? जीएसटी लावला असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक हवा. पैसे अडकले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

जवळ काय हवं

सुटे पैसे हजारभर, कारण पाड्यावर यूपीआय चालेलच असं नाही. आधार कार्ड, चार्ज केलेली पॉवर बँक, टॉर्च, शिट्टी, सुके कपडे प्लास्टिकच्या पिशवीत. जाड नक्षीच्या तळव्याचे बूट घाला. रबरी स्लीपर चिखलात पायातून निघतात. रेनकोट दोन तुकड्यांचा घ्या, चालताना पाँचो फांद्यांना अडकतो.

पायाला जखम असताना गढूळ पाण्यातून चाललात, तर लेप्टोस्पायरोसिससाठी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. ताप येण्याची वाट पाहू नका. साप चावला तर आवळपट्टी नको, चिरा नको. माणसाला चालवू नका आणि सरळ सरकारी रुग्णालय गाठा. उल्हासनगर कॅम्प ३ मध्ये मध्यवर्ती रुग्णालय आहे. सर्पदंशावरचं प्रतिविष सरकारी रुग्णालयात मोफत मिळतं.

क्रमांक लिहून घ्या: पोलीस व आपत्कालीन मदत ११२, रुग्णवाहिका १०८, जिल्हा आपत्ती कक्ष १०७७, वन विभाग १९२६, रेल्वे १३९. घरी एका माणसाला गावाचं नाव, सोबत्यांचे फोन आणि परतीची वेळ सांगून जा. त्या वेळेनंतर दोन तासांत तुमचा फोन आला नाही, तर त्याने ११२ लावायचा, हे निघण्याआधीच ठरवा.