न मोजलेला जिन्नस

परदेशी शिकून आलेल्या विद्यार्थ्याला पहिला प्रश्न विचारतात तो अभ्यासाचा नसतो. "तिकडे जेवणाचे काय केलेस?" हाच तो प्रश्न. जपानी भाषेची विद्यार्थिनी म्हणून विनिमय योजनेतून मी एक वर्ष क्योतो शहरात राहून आले, आणि परतल्यापासून हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला की त्याचे उत्तर एकदाच नीट लिहून काढावे असे वाटले. आरंभी "भात होता ना, मग काय!" असे हसून म्हणत मी वेळ मारून नेत असे. पण खरे उत्तर एवढे सोपे नाही. माझ्या हातून घडता घडता टळलेली एक गंभीर चूक त्यात आहे. ती सांगितल्याशिवाय ते उत्तर प्रामाणिक होणार नाही.

प्रथम दिनक्रम सांगते. वसतिगृहात खोली प्रत्येकाची स्वतंत्र, पण स्वयंपाकघर मजल्यावरच्या सर्वांचे मिळून एक. क्योतो हे तीन बाजूंनी डोंगर असलेले, मधल्या भागात सपाट असे शहर आहे. त्यामुळे विद्यार्थ्यांचे सारे येणे-जाणे सायकलवर. दुपारचे जेवण विद्यापीठातल्या सहकारी भोजनालयात. तेथे हातात तबक घेऊन रांगेने पुढे सरकायचे आणि लहान लहान वाडग्यांतले पदार्थ उचलायचे : उकडलेल्या पालकाची जुडी, थंड तोफू, मिसोचे सार, लोणचे. भात लहान, मध्यम की मोठा ते सांगायचे. शेवटी पैसे दिले की पावतीवर किमतीबरोबर लाल, हिरवे आणि पिवळे असे तीन प्रकारचे गुण छापून येतात. लाल म्हणजे शरीर घडवणारे अन्न, हिरवे भाज्या-फळांचे आणि पिवळे शक्ती देणारे. एक गुण म्हणजे ८० कॅलरी. आपण आज काय जेवलो याचा असा हिशेब मला आजवर कुणी दिला नव्हता.

हिशेबीपणाचा दुसरा धडा कचऱ्याने दिला. क्योतोत जाळायचा कचरा महापालिकेच्या पिवळ्या पिशवीत टाकायचा, आणि ती पिशवी विकत घ्यावी लागते. ही पद्धत २००६ पासूनची. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली फेकायची तर झाकण काढायचे, वरचे वेष्टन सोलायचे, बाटली धुवायची. बाटली एका पारदर्शक पिशवीत, झाकण आणि वेष्टन दुसऱ्या. पहिल्या आठवड्यात माझी पिशवी दोनदा परत दारात आली. तेव्हा मनात आले, की इतके बारकाईने मोजणाऱ्या लोकांत राहताना फसगत होण्याची भीती नाही.

मी जन्मापासून शाकाहारी. निघण्यापूर्वी दोन वाक्ये घोकून ठेवली होती : "मी मांस खात नाही" आणि "यात मासा आहे का?" दोन वाक्ये लागण्याचे कारण असे, की जपानी भाषेत ‘निकु’ म्हणजे मांस, पण त्यात मासा येत नाही. मासा म्हणजे ‘साकाना’. या भेदामागे इतिहास आहे. सम्राट तेन्मू याने इ.स. ६७५ मध्ये गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यावर बंदी घातली. मासे त्या यादीत नव्हते. पुढे शतकानुशतके जपानी माणूस मांसापासून पुष्कळसा दूरच राहिला, तरी मासे मात्र खात राहिला. सम्राट मेइजी याने १८७२ मध्ये स्वतः गोमांस खाल्ले, तेव्हा ती बातमी ठरली.

तर मी रोज भोजनालयात मिसोच्या साराकडे बोट दाखवून विचारी, "यात मासा आहे का?" वाढणाऱ्या बाई वाकून त्यात पाहत आणि हसून सांगत, "नाही, मासा नाही. तोफू आहे आणि समुद्रातली पालेभाजी आहे." मी निश्चिंत मनाने सार घेई. थंडीच्या दिवसांत त्या गरम वाडग्याने मला फार आधार दिला.

दोन महिन्यांनी आम्हा परदेशी विद्यार्थ्यांसाठी जपानी स्वयंपाकाचा एक वर्ग भरला. शिकवणाऱ्या बाईंनी लाकडाच्या ढलपीसारखे काहीतरी हातात घेतले, सुताराच्या रंध्यासारख्या एका पेटीवर ते घासले आणि त्याच्या गुलाबी, पातळ भुकट्या उकळत्या पाण्यात टाकल्या. क्षणात तोच ओळखीचा वास आला. तो रोजच्या साराचा वास होता. मी विचारले, "हे काय?" त्या म्हणाल्या, "कात्सुओबुशी." हा कात्सुओ नावाचा मासा. तो उकडतात, काटे काढतात, पुनःपुन्हा धुरी देतात आणि उत्तम प्रतीचा हवा असेल तर त्यावर बुरशी चढवून महिनोन्‌महिने वाळवतात, तेव्हा तो लाकडासारखा कठीण होतो. या भुकट्या आणि ‘कोम्बु’ नावाची वाळवलेली समुद्रवनस्पती यांचे गाळून घेतलेले पाणी म्हणजे ‘दाशी’. मिसोच्या साराचा पाया दाशी. उकडलेल्या पालकावर ओतलेले पाणी दाशी. शेवयांचे सार दाशी. सोयाबीन आंबवून केलेला ‘नात्तो’ निव्वळ शाकाहारी म्हणून मी मोठ्या कष्टाने गळ्याखाली उतरवायला शिकले होते; त्याच्या डब्यातल्या रसाच्या चिमुकल्या पुडीतही बहुधा दाशीच!

मी खोलीवर येऊन रडले. मासा पोटात गेला याचे दुःख होतेच, पण त्याहून अधिक राग होता तो खोटे बोलल्याचा. साठ दिवस एक बाई माझ्या तोंडावर हसून खोटे बोलली, असे मी घरी फोनवर सांगितले. आई म्हणाली, "परका मुलुख आहे, तू काही मनाला लावून घेऊ नकोस." पण मी मनाला लावून घेतले. त्या खिडकीशी जाणे मी सोडले.

राग असला तरी विद्यार्थ्याला वाचन सुटत नाही. दाशीविषयी मी वाचू लागले. कोम्बु उगवते उत्तरेच्या होक्काइदो बेटाभोवती. क्योतो तर समुद्रापासून आत. एदो काळात कितामाए नावाची व्यापारी गलबते कोम्बु घेऊन जपानच्या पश्चिम किनाऱ्याने त्सुरुगा बंदरात येत, आणि तेथून ती खुश्कीने व बिवा सरोवरातून क्योतोस पोहोचे. याच क्योतोत जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बुतून ग्लुटामेट वेगळे काढले आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. गोड, आंबट, खारट आणि कडू यांच्या जोडीची ही आणखी एक मूळ चव. पुढल्याच वर्षी ते द्रव्य बाजारात आले, ‘अजिनोमोटो’ या नावाने. आपल्याकडे चायनीजच्या गाडीवर जो शब्द पोरासोरांच्याही तोंडी असतो, तो मूळचा हा! १९१३ मध्ये इकेदांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी कात्सुओबुशीतले चवीचे द्रव्यही शोधून काढले.

दाशी निव्वळ शाकाहारीही होते, हेही तेव्हाच कळले. बौद्ध मठांतल्या स्वयंपाकाला ‘शोजिन र्‍योरी’ म्हणतात. ‘शोजिन’ हा शब्द संस्कृत ‘वीर्य’ म्हणजे साधनेतला नेटाचा प्रयत्न, या बौद्ध संज्ञेचे भाषांतर. झेन आचार्य दोगेन यांनी १२३७ मध्ये मठाच्या आचाऱ्यासाठी स्वतंत्र ग्रंथच लिहिला. तांदूळ कसे निवडावेत इथपासूनच्या सूचना त्यात आहेत. या परंपरेत दाशी करतात ते कोम्बु आणि वाळवलेल्या शिताके अळंब्यांचे. रीत सोपी आहे. दोन्ही रात्रभर थंड पाण्यात भिजत घालायची. सकाळी मंद आचेवर ठेवून उकळी फुटण्याआधी कोम्बु काढून घ्यायची. हे पाणी मी बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवू लागले आणि माझे सार पुन्हा सुरू झाले. मात्र त्या बाईंवरचा राग तसाच होता.

आता त्या चुकीविषयी. मार्च महिन्यात मजल्यावरच्या मुलींनी ठरवले, की प्रत्येकीने आपल्या घरचा एकेक पदार्थ करायचा. मी वरणभात, बटाट्याची भाजी आणि काकडीची कोशिंबीर केली. शेजारच्या खोलीतली जपानी मैत्रीण जेवायला बसताना म्हणाली, "मला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. लहानपणी एकदा श्वास बंद होऊन मला रुग्णालयात ठेवले होते. यात शेंगदाणे नाहीत ना?"

मी ताटाकडे पाहिले आणि म्हणाले, "नाहीत."

हे मी पूर्ण प्रामाणिकपणे सांगितले. माझ्या डोळ्यांसमोर शेंगदाणा म्हणजे भाजलेला, सोललेला, अख्खा दाणा होता, आणि तसा दाणा ताटात एकही नव्हता. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. पण तिला कृती लिहून घ्यायची सवय होती. वही उघडून ती एकेक विचारू लागली. काकडी, दही, मीठ, साखर, जिऱ्याची फोडणी. मग चॉपस्टिकच्या टोकाने कोशिंबिरीतला तपकिरी रवाळ कण दाखवून म्हणाली, "आणि ही पूड?"

"ते कूट," मी म्हणाले.

"कूट म्हणजे कशाचे?"

उत्तर माझ्या ओठांवर आले आणि हातपाय गार पडले. मी तिचे ताट ओढून घेतले. घास तोंडात गेला नव्हता. वहीची सवय नसती तर काय झाले असते, याचा विचार आजही करवत नाही. जपानमध्ये बंद पाकिटातल्या खाद्यपदार्थांवर शेंगदाण्याचा उल्लेख कायद्याने बंधनकारक आहे. पण माझ्या कोशिंबिरीवर कोण काय छापणार?

मी पुनःपुन्हा क्षमा मागत होते. ती बराच वेळ गप्प राहिली. मग भात, वरण आणि भाजी यांच्यातही कूट नाही ना, हे एकेक करून विचारून घेतले, नवीन ताट घेतले आणि जेवली. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. डोळ्यांपुढे सारखी भोजनालयातली ती बाई येत होती. ती साराच्या भांड्यात वाकून खरोखर पाहत होती. माशाचा तुकडा तिला दिसला नाही, म्हणून ती ‘नाही’ म्हणाली. तिच्या लेखी दाशी म्हणजे मासा नव्हे, जसे माझ्या लेखी कूट म्हणजे शेंगदाणे नव्हेत. ती खोटे बोलली असेल तर मीही खोटेच बोलले होते, आणि माझे खोटे प्राणावर बेतणारे होते.

दुसऱ्या दिवशी मी त्या खिडकीशी गेले. बाईंनी मला ओळखले आणि "बरेच दिवसांत आला नाहीत, प्रकृती बरी आहे ना?" असे विचारले. मी म्हणाले, "बरी आहे." त्यापुढे बोलायला मला शब्द सुचले नाहीत.

भाषा शिकणाऱ्यांना यात एक धडा आहे, असे मला वाटते. शब्दकोश वस्तूचे नाव सांगतो. पण कोणता समाज त्या नावाखाली काय मोजतो आणि काय मोजत नाही, हे सांगत नाही. आपला ‘उपवास’ हा शब्द घ्या. मैत्रिणींना मी त्याचा अर्थ ‘न खाणे’ असा सांगितला आणि एकादशीला त्यांच्यादेखत वाडगाभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली. त्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. त्यातही गंमत अशी, की साबुदाणा ज्यापासून आपल्याकडे होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणे आणि मिरची ही सारी मूळची अमेरिका खंडातली. १४९८ मध्ये पोर्तुगीज आपल्या किनाऱ्याला लागले, त्यानंतरच ती आपल्याकडे आली. तरी ती उपवासाला चालतात, आणि शेतात पिढ्यान्‌पिढ्या पिकणारी ज्वारी चालत नाही. आपल्याला यात काही चमत्कारिक वाटत नाही, कारण ही मोजदाद आपण लहानपणीच शिकलेलो असतो.

म्हणून पुढे जाणाऱ्या विद्यार्थ्यांना दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगते. पहिली, "यात अमुक आहे का?" असे विचारू नका, "हे कसे करतात, पहिल्यापासून सांगा," असे विचारा. जपानमध्ये ‘दाशी’ आणि ‘एकिसु’, म्हणजे अर्क, हे दोन शब्द पाकिटावर वाचायला शिका. तिथल्या ‘भाज्यांच्या करी’च्या तयार वड्यांतही पुष्कळदा प्राण्यांची चरबी असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची : तुम्ही वाढणारे असाल तेव्हा न विचारताही सर्व जिन्नस सांगा, आणि सांगण्यापूर्वी एकदा ओट्याशी जाऊन प्रत्येक डबा पाहून या.

घरी परतल्यावर पहिल्याच रविवारी मी आईला विचारले, "कोशिंबिरीत काय काय घालतेस ग?" ती बोटांवर मोजू लागली, "काकडी, दही, मीठ, चिमूटभर साखर, मिरची, कोथिंबीर, जिऱ्याची फोडणी. झाले."

"आणि कूट?"

"अगं, ते काय सांगायचं? ते तर असतंच."