लाकडावर छायाचित्र उतरविणे

आजोबांचे एकमेव छायाचित्र फळीवर उतरवावयाचे असल्यास आमची पहिली विनंती ही, की मूळ चित्र वापरू नये. कारण ह्या कृतीत कागद नष्ट होतो. लेझर यंत्रावर साध्या कागदावर त्याची प्रत काढावी. तीही आरशात दिसते तशी उलटी, नाहीतर अक्षरे उलटी उमटतात. ओल्या शाईची छपाई बहुधा पाण्याने पसरते. लेझरची भुकटी प्लास्टिकयुक्त असल्याने टिकते.

घासून गुळगुळीत केलेल्या फळीवर ॲक्रिलिक जेलचा पातळ थर देऊन प्रत पालथी चिकटवावी, बुडबुडे दाबून काढावेत व रात्रभर वाळू द्यावी. सकाळी कागद भिजवून बोटांनी हळूहळू चोळावा. लगदा निघतो, चित्र जेलमध्ये राहते. येथे घाई केली, तर आजोबांचा चेहराच खरवडून येतो! पूर्ण वाळल्यावर व्हार्निश द्यावे. मूळ चित्र मात्र पेटीत जपून ठेवावे.