हस्तलिखित मासिकाची अनुक्रमणिका

शाळेचे हस्तलिखित मासिक तयार होत असता मुखपृष्ठाच्या चित्रासाठी आठवडा खर्ची पडतो. अनुक्रमणिका मात्र शेवटच्या दिवशी घाईने लिहिली जाते. वस्तुतः अंक हाती घेणारा वाचक प्रथम याच पानाशी थांबतो. म्हणून या पानाच्या रचनेचा येथे थोडा विचार करू.

पाठ्यपुस्तक क्रमाने शिकावयाचे असते. मासिक मात्र वाचक आवडीप्रमाणे कोठूनही उघडतो. ही निवड सुलभ करणे हे अनुक्रमणिकेचे कार्य होय. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला व ती परंपरा मराठीत रुजली. अशा मोठ्या अंकांतून कथा, कविता, लेख असे गट पाडण्याची पद्धत दिसते. आपला अंक वीस-पंचवीस पानांचा असेल, तर गट न पाडता पृष्ठक्रमानेच नोंदी कराव्यात.

नोंदीत शीर्षक, लेखकाचे नाव व पृष्ठांक ही तीन अंगे असावीत. बेरजेच्या मांडणीप्रमाणे पृष्ठांक उजवीकडे एककाखाली एकक येईल असे लिहावेत. मधली मोकळी जागा ठिपक्यांच्या ओळीने जोडावी, म्हणजे दृष्टी भलत्या ओळीवर घसरत नाही. अनुक्रमांक शक्यतो टाळावा. ‘पाचवा पाठ काढा’ म्हणताच पाचवे पान उघडणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. देगलूर-धर्माबादकडील तेलुगुभाषी वा उदगीर-निलंग्याकडील कन्नडभाषी घरांतील मुलांना तर अशी स्वच्छ मांडणी विशेष उपकारक ठरते. आतील शीर्षक व येथील शीर्षक अक्षरशः एकच असावे. पृष्ठांक मात्र अंक शिवून झाल्यावरच भरावेत.

नावांविषयी अधिक दक्षता हवी. एका अंकात जागा वाचविण्यासाठी मी ‘मुलांच्या कविता’ एवढीच नोंद करून पुढे १२ हा पृष्ठांक लिहिला होता. प्रकाशनाच्या दिवशी तिसरीतील एका मुलीने ते पान बोट ठेवून वरपासून खालपर्यंत दोनदा वाचले आणि अंक न उघडताच परत दिला. तिची कविता बाराव्या पानावरच होती. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून दोन ओळी लिहिणाऱ्या मुलाचेही पूर्ण नाव व इयत्ता स्वतंत्र ओळीत लिहावयाची, असा नियम मी पाळीत आलो आहे. पाहुण्यांचा शुभसंदेश ठळक अक्षरांत व मुलांची नावे बारीक, असा भेदही नसावा. अंक मुलांचा आहे. सर्व नोंदींची अक्षरे सारख्याच आकाराची असावीत.

वर्गात पुढील उपक्रम घ्यावा. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे व त्याचे जुने अंक संकेतस्थळावरही उपलब्ध आहेत. त्यातील एक अंक, एक दिवाळी अंक व पाठ्यपुस्तक यांच्या अनुक्रमणिका मुलांसमोर ठेवून साम्य व भेद विचारावेत. नंतर आपल्या हस्तलिखिताची अनुक्रमणिका एका मुलाने मोठ्याने वाचावी व दुसऱ्याने ते ते पान उघडून दाखवावे. चुकलेला पृष्ठांक मुले स्वतःच शोधून काढतात. शेवटी प्रत्येकाने आपल्या नावावर बोट ठेवावे. ज्याचे बोट अधांतरी राहील, त्याची नोंद त्याच दिवशी पूर्ण करावी. मगच अंक प्रकाशित करावा.