अगरूचे विरजण

मुलांनो, ‘अगरबत्ती’ हा शब्द तुमच्या परिचयाचा आहे. त्यातील ‘अगर’ म्हणजे अगरू नावाच्या वृक्षाचे सुगंधी काष्ठ. आजच्या बहुतेक अगरबत्त्यांत ते नसते. नाव मात्र मागे राहिले आहे.

हा वृक्ष आसामात होतो. तेथे त्याला सांची म्हणतात. पूर्वी त्याच्या सालीवर ग्रंथ लिहीत. सातव्या शतकात कामरूपाच्या भास्करवर्मा राजाने सम्राट हर्षाला नजराणा धाडला. त्यात अगरूच्या सालीवर लिहिलेली पुस्तके होती, असे बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त सांगितले आहे.

नवल असे की, निरोगी अगरूचे लाकूड फिकट, हलके व गंधहीन असते. एक अळी त्याचे खोड पोखरते आणि तिने पाडलेल्या भोकांतून बुरशी आत शिरते. या शत्रूला थोपवण्यासाठी वृक्ष जखमेभोवती राळ निर्माण करतो. राळेने भरलेले ते काळसर, जड लाकूड म्हणजेच सुगंधी अगरू.

परंतु हा सुगंधच वृक्षाच्या मुळावर आला. कोणत्या खोडात राळ आहे, हे बाहेरून सहसा कळत नाही. म्हणून लोभापायी माणसांनी राळ नसलेले वृक्षही तोडले. रानातला अगरू विरळ झाला. अखेर १९९५ साली आसामातील या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले.

मग शास्त्रज्ञांनी विचार केला, ‘अळीची वाट पाहण्याऐवजी आपणच लागवडीच्या झाडाला बुरशी दिली तर?’ आई दुधाला विरजण लावते, तसेच हे खोडाला लावायचे विरजण होय.

ते करताना प्रथम राळ धरलेल्या लाकडाचा लहानसा तुकडा घेतात व बाहेरचे जंतू मरावेत म्हणून त्याचा पृष्ठभाग औषधाने धुतात. बटाट्याचा काढा व साखर यांचे खाद्य बंद भांड्यात दाबाखालच्या वाफेने १२१ अंश सेल्सिअसवर सुमारे १५ मिनिटे तापवतात. ते निवाल्यावर त्यावर तुकडा ठेवतात. काही दिवसांत बुरशीचे तंतू पसरतात. लाकडात अनेक बुरश्या असतात. म्हणून प्रत्येक वेगळी वाढवून, राळ निर्माण करवणारी कोणती, हे पारखावे लागते. निवडलेली बुरशी पातळ काढ्यात वाढवली की विरजण तयार झाले. काही वर्षे वाढलेल्या झाडाच्या खोडाला बारीक छिद्रे पाडून ते आत सोडतात.

येथे उतावीळपणा उपयोगाचा नाही. कोवळे झाड निवडले किंवा फार छिद्रे पाडली, तर झाड दगावते. राळ मुरण्यास महिने, कधी वर्षेही लागतात. शिवाय प्रत्येक छिद्राला यश येतेच असे नाही.

पूर्व आसामात अनेक कुटुंबे घराभोवती अगरू लावतात. लावलेले झाडही शेवटी तोडावेच लागते. पण त्याच्या जागी दुसरे रोप लावता येते, आणि रानातला एक वृक्ष उभा राहू शकतो. जे लोभाने कुऱ्हाडीच्या घावांत शोधले, तेच ज्ञान आणि धीर यांनी मिळवता येते, हाच अगरूचा धडा आहे.

स्वाध्याय

१. निरोगी अगरूला सुगंध का नसतो?
२. लेखात बुरशीला ‘विरजण’ का म्हटले आहे?
३. ‘मुळावर येणे’ हा वाक्प्रचार वाक्यात योजा.