शेतात विमान पडले तर

सायकल शिकताना आपण पडतो, उठतो. विमान शिकणाऱ्याला तशी सवड नसते. आधी शिक्षक शेजारी बसतात. मग एकट्याने उडायचे. उडण्यापेक्षा उतरणे अवघड. वेग कमी करत, वाऱ्याकडे तोंड ठेवून, चाके अलगद टेकवावी लागतात.

२५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून एक मुलगी लहान विमान घेऊन एकटीच निघाली. ती अजून शिकत होती. वाटेत पुणे जिल्ह्यातल्या कडबनवाडीच्या शेतात विमान आदळले. तिला मार लागला, पण ती वाचली. गावकरी मदतीला धावले.

आभाळाला गावाची शीव नसते. उद्या आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या कपाशीतही असे घडू शकेल. तेव्हा आपण काय करावे?

अशा विमानाच्या पंखांत पेट्रोल असते. जवळ बिडी ओढू नये. ११२ वर फोन करावा. आगीची भीती असेल तर जखमीला लगेच दूर न्यावे. नसेल तर उगाच हलवू नये. गर्दी करू नये.

आणि एक. पडलेला तुकडा घरी नेऊ नये. कुठे चुकले, हे तपासणारे त्यावरूनच ओळखतात. त्यातून पुढच्या शिकाऊचा जीव वाचतो.