बाणाचे घड्याळ : खरे किती, खोटे किती?

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईच्या जुन्या बाजारात मी १८०० रुपये मोजून एक 'मिलिटरी' घड्याळ घेतले. काळी डायल, त्यावर ओमेगाचे नाव, मागे ब्रिटिश सरकारचा बाण. हॉस्टेलवर आठ दिवस ऐट केली आणि नवव्या दिवशी ते बंद पडले! कॉलेजजवळच्या घड्याळवाल्या काकांनी मागचे झाकण उघडले आणि म्हणाले, "बाळा, मशीन भलत्याच कंपनीचं आहे. डायलही रंगवलेली दिसते." मेसचे पैसे गेले, पण त्यानिमित्ताने जो अभ्यास झाला तो इथे मांडतो.

खरे घड्याळ कसे असते?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने स्वित्झर्लंडमधून मनगटी घड्याळे करून घेतली. ती मुख्यतः १९४५ मध्ये हाती आली. ओमेगा, लाँजिन, सायमा, ग्राना अशा १२ कंपन्या, पण नियम सगळ्यांना एकच : काळी डायल, अंधारात चमकणारे काटे, ६ च्या जागी छोटा सेकंद काटा, १५ ज्वेलचे मशीन, पाणी न शिरणारी केस. मागे बाण, नंबर आणि 'डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू' ही अक्षरे. (इंटरनेटशी संबंध नाही! अर्थ 'वॉच, रिस्टलेट, वॉटरप्रूफ'.) शौकीन लोक या बारांना 'डर्टी डझन' म्हणतात.

पारख कशी करावी?

१) मशीन : डायलवरचे नाव रंगवता येते, मशीन बदलणे अवघड. या मालिकेतल्या ओमेगात ३०टी२ जातीचे आणि लाँजिनमध्ये १२.६८झेड हेच मशीन हवे. म्हणून झाकण उघडून दाखवत नसेल तर घेऊ नये.

२) कोरीव अक्षरे : भिंगातून ओरखडे पाहा. अक्षरे जुनी असतील तर वापराचे ओरखडे त्यांच्यावरून गेलेले असतात आणि कडा झिजलेल्या असतात. अक्षरांनीच ओरखडा कापला असेल तर ती नंतर कोरलेली. माझा बाण असाच निघाला.

३) चमक : जुन्या रंगात रेडियम आणि झिंक सल्फाइड असे. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे, पण त्याच्या किरणांनी झिंक सल्फाइड काही वर्षांतच निकामी होते. म्हणजे खरी जुनी डायल आज अंधारात चमकत नाही, पण जी.एम. काउंटर मात्र टकटक करतो. उलट बराच वेळ लख्ख चमकली आणि काउंटर गप्प राहिला, तर रंग नवा.

इथे एक खबरदारी. रेडियमची धूळ पोटात किंवा फुप्फुसात जाणे धोक्याचे. रूमवर ब्लेडने डायल खरवडण्याचा 'प्रयोग' कोणी करू नये!

४) घाई नको : डायल बदललेली म्हणजे घड्याळ खोटेच, असेही नाही. पुढे दुरुस्तीच्या वेळी सैन्यानेच अनेक डायल बदलल्या. रेडियम काढून ट्रिशियम लावले, तिथे वर्तुळात 'टी' हे अक्षर दिसते. अशी डायल सैन्याचीच, फक्त १९४५ ची नव्हे.

किंमत कशावर?

पहिली गोष्ट दुर्मिळता. बारांत ग्राना सर्वांत दुर्मिळ आणि म्हणून सर्वांत महाग, तर ओमेगा त्या मानाने बरीच सापडतात. दुसरी गोष्ट म्हणजे केस, डायल, काटे, मशीन मूळचे एकत्र आहेत का. तिसरी, पॉलिश. आपल्याला वाटते चकचकीत केले की भाव वाढेल, पण घडते उलटेच : पॉलिशने कडा आणि अक्षरे झिजतात, भाव पडतो. रंग उडालेली मूळ डायल नव्या रंगवलेल्या डायलपेक्षा मोलाची.

थोडक्यात, एका खुणेवर भरवसा नको, सगळ्या खुणा एकमेकींशी जुळायला हव्यात. जर्नलमधली रीडिंग जुळवतो तशी 'जुळवलेली' मात्र नकोत!

माझे घड्याळ काकांनी साफ करून चालू करून दिले. कोणी विचारले तर मी सरळ सांगतो, "बाण खोटा आहे, वेळ मात्र बरोबर दाखवतं."

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी