ऑइलचा लाल दिवा विझला नाही तर

अगं, तुझा फोन आल्यापासून माझं लक्ष तुझ्या मारुती ओमनी गाडीतच अडकलंय. इंजिनकाम झालं, सेल्फ मारला, इंजिन लगेच चालू झालं, पण ऑइलचा दिवा विझेना. वर मिस्त्री म्हणतात, "चालू ठेवा, नवीन काम आहे, येईल प्रेशर." हे मात्र ऐकू नकोस. गाडी तुझी आहे, केडगावच्या बाजाराला तीच जाते, आणि कामाचे पैसे तू पै-पै साठवून दिलेत. थांबवायचा हक्क तुझाच आहे.

तुझ्या दाजींच्या गॅरेजचा हिशेब बघता बघता मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगते. क्रँक बेरिंगला टेकून फिरत नाही. मधे ऑइलचा पातळ थर असतो, त्यावर तो तरंगतो. ती फट 0.02 ते 0.05 मिलिमीटरच्या आसपास असते. थर नसला की धातूवर धातू घासतो, आणि नवीन बेरिंग बघता बघता खरवडून निघतात. म्हणून दिवा पाच-दहा सेकंदांत विझला नाही तर इंजिन बंदच करायचं. गाडी गरम झाल्यावर बघू, असं म्हणायचं नाही.

आता कारण कुठे असेल? पहिली शंका पंपावर घे. ओमनीत मारुती 800 चंच 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, त्याचा ऑइल पंप क्रँकच्या पुढच्या टोकावर बसतो. तो कोरडा बसवला तर आतल्या गिअरच्या फटीतून हवाच फिरते, इंजिनाखालच्या चेंबरातलं ऑइल वर ओढलं जात नाही. आपल्याकडे नदीवरच्या मोटारीतलं पाणी उतरलं की आधी भरून घ्यावं लागतं ना, तसंच हे. जाणता मिस्त्री पंप बसवताना आत पेट्रोलियम जेली भरतो. ती गरम ऑइलात विरघळून जाते. चाकाचं ग्रीस मात्र भरायचं नाही, ते नळ्यांत अडकतं. काही जुन्या इंजिनांत डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिल मशीनने पंप फिरवता येतो. या इंजिनात ती सोय नाही, म्हणून बांधतानाच जपायचं.

मग तू काय सांगायचंस? आधी ऑइलच्या पट्टीवर पातळी बघायला लाव. ऑइल स्विचची वायर काढून नुसती चावी फिरव, सेल्फ मारू नकोस. तरीही दिवा लागला तर वायर कुठेतरी बॉडीला चिकटलीय, इंजिनाचा दोष नाही. विझला तर स्विचच्या जागी साधं गेज लावायला सांग. दिवा प्रेशर आहे की नाही एवढंच सांगतो, गेज ते किती आहे हे सांगतं. गरम इंजिनात दर हजार फेऱ्यांना साधारण 10 पौंड प्रेशर असावं, असा गॅरेजातला जुना अंदाज आहे.

त्यानंतर तिन्ही स्पार्क प्लग काढायचे, कॉइलची वायर सोडायची, गाडी एमपीएफआय असेल तर पेट्रोल पंपाचा फ्यूजही काढायचा, आणि दहा-पंधरा सेकंद सेल्फ मारायचा. सेल्फला विश्रांती द्यायची, पुन्हा मारायचा. प्लग नसल्यामुळे बेरिंगवर फारसा भार येत नाही. तेवढ्यात गेज हललं तर पंप भरला, देवाची कृपा.

नाही हललं, तर फिल्टर खोलायला लाव आणि स्वतः डोळ्यांनी बघ. इथेच निम्मा निकाल लागतो. फिल्टर कोरडा असेल तर दोष अलीकडे आहे. पंप, चेंबरातली जाळी, जाळीच्या नळीचं गॅस्केट किंवा रिंग बसली नसेल, तिथून हवा ओढली जात असेल, नाहीतर रिलीफ व्हॉल्व उघडा अडकला असेल. फिल्टर भरलेला असून गेज शून्यावर असेल तर दोष पलीकडे आहे. ब्लॉक धुण्यासाठी काढलेला गॅलरीचा एखादा प्लग परत बसवायचा राहून जातो, किंवा भोकाची बेरिंग वाटी ब्लॉकऐवजी कॅपकडे जाते आणि ऑइलची वाट बंद होते. क्रँक 0.25 मिलिमीटर घासलेला आणि बेरिंग मात्र स्टँडर्ड, असंही होतं. फट दुप्पट झाली की त्यातून ऑइल आठपट निसटतं. म्हणूनच "जाड ऑइल टाकू" म्हणाले तर नाही म्हण. जाड ऑइलने काटा थोडा वर येतो, फट भरत नाही.

आणि दिव्याची वायर तोडून "झालं बघा" म्हणणारे असतात. त्यांच्याकडून गाडी घेऊन निघ.

गॅरेजात बाईने विचारलं की "ताई, तुम्हाला नाही कळायचं" असं ऐकावं लागतं. ते ऐकून परत फिरू नकोस. बिलावर क्रँकचा साइज आणि बेरिंगचा साइज लिहून मागायचा, जुनी बेरिंगं पिशवीत घालून ताब्यात घ्यायची. हे भांडण नव्हे. सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेतून आणले असतील तर त्यांच्या खोक्यांवर साइज छापलेला असतो, तोही ताडून बघ. चांगला मिस्त्री याने रागावत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं.

चेंबर उतरवून बघण्याची मजुरी आज जिवावर येईल हे मला कळतं. पण इंजिन दुसऱ्यांदा बांधायचं झालं तर पुन्हा क्रँक घासणं, बेरिंगं आणि उतरवण्या-चढवण्याची मजुरी असं सगळं तुझ्याच डोक्यावर येईल, आणि तोवर बाजाराचा हंगाम निघून जाईल. आजच मिस्त्रींना फोन करून सांग, गेज लावून फिल्टर बघेपर्यंत इंजिन चालू करायचं नाही.